आल्बेनियाच्या खुर्चीवर पाच दिवस

देवांगने मूर्ती सेंटिमीटर समजून मागवली आणि ती इंचांत आली.

चोवीस सेंटिमीटरचा गणपती आमच्या नेहमीच्या चौरंगावर बसला असता आणि दोन्ही बाजूंना समयाही राहिल्या असत्या. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून फोन आला की मूर्ती आली आहे, येताना गाडी मोठी आणा. मोठी कशाला, ते तिथे गेल्यावर कळलं. देवांग माझा मुलगा. शॉमबर्गच्या कंपनीत दिवसभर आकडेच बघतो. मूर्तीला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला तेव्हा इला, माझी सून, म्हणाली, "यार देवांग, क्लायंटला पण तू असंच मोजून देतोस का?"

घरी आल्यावर त्याने चौरंग मूर्तीशेजारी ठेवून पाहिला. देवापुढे पाट नाही, आगपेटी ठेवल्यासारखं दिसत होतं.

इथे दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पहिली माझ्या नेमाची. चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. पहिला घास घेतल्यापासून आचवेपर्यंत एक शब्द नाही, आणि पानावरून अर्ध्यात उठायचं नाही. हवं-नको ते खुणेने. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हा नेम धरला आणि देवाच्या कृपेने तो आजवर मोडला नाही. इला त्याला 'आईंचा म्युट मोड' म्हणते. थट्टेत म्हणते, पण माझ्या पानात मीठ आहे की नाही ते न सांगता बघते.

दुसरी आगिमभाऊंची. आम्ही राहतो ते घर दुमजली आहे. वर मालक आगिमभाऊ, खाली आम्ही, आणि सगळ्यांच्या खाली सामाईक बेसमेंट. आगिमभाऊ मूळचे आल्बेनियाचे. ऐंशी ओलांडली आहे, बायको गेली, पिझ्झाचं दुकान विकून टाकलं. मुलगी फीनिक्सला असते. तिचं नाव मीरा. हे नाव त्यांच्याकडेही असतं, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. आमचं बोलणं इंग्रजीत, माझं शाळेतलं आणि त्यांचं दुकानातलं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना जिन्यात विचारलं, "हीटर चालू करताय ना?" त्यांनी मान खाली-वर केली. मी निश्चिंत झाले, आणि आम्ही आठवडाभर स्वेटर घालून झोपलो. मग उलगडलं, त्यांच्या गावी मान वरखाली केली म्हणजे नाही, आणि डावी-उजवीकडे हलवली म्हणजे हो. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी मानेने बोलणं बंद केलं.

तर चौरंगाचं. मी वर गेले आणि म्हणाले, "आगिमभाऊ, देव बसवायला काहीतरी भक्कम हवंय."

"बेसमेंटमध्ये खुर्च्या आहेत. हवी ती घ्या."

"कुठली घेऊ ते तरी सांगा."

"पाहुण्याने विचारायचं नसतं. माझ्या घरात पाहुण्याला विचारायची वेळ आली, तर माझे आजोबा कबरीत कूस बदलतील."

"पाहुणे कसले, भाडेकरू आहोत आम्ही."

"भाडेकरू एक तारखेला. महिन्याचे बाकीचे दिवस पाहुणे."

बेसमेंटमध्ये घडीच्या लोखंडी खुर्च्यांची थप्पी होती. त्यांच्या मनात त्याच होत्या, हे आता कळतं. पण कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली काहीतरी उंच उभं होतं. मी चादर उचलली. लाल मखमल, सोनेरी हात, ताठ पाठ, आणि पाठीच्या माथ्यावर कोरलेला पक्षी. एक धड, दोन डोकी, पंख पसरलेले.

"गंडभेरुंड," मी म्हणाले. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या दारांवर हा दोन डोक्यांचा पक्षी मी लहानपणापासून पाहिला होता. शिकागोच्या तळघरात तो कशाला येऊन थांबला असेल?

"आई, हे कुणाचं तरी अँटिक वाटतंय," देवांग म्हणाला.

"हवी ती घ्या म्हणालेत ते. आणि हा पक्षी बघ. ही खुर्ची माणसासाठी केलेलीच नाही."

त्यात मी चुकले नव्हते म्हणा. निदान माणूस तिच्यावर कधी बसला नव्हता.

बुधवारी सकाळी गणपती बसवला. पुण्याहून गुरुजी व्हिडिओवर होते, त्यांनी खुर्ची पाहून "वा, सिंहासन" म्हटलं. प्राणप्रतिष्ठा झाली, दूर्वा आगिमभाऊंच्याच लॉनवरच्या वाहिल्या, दूर्वा समजूनच. संध्याकाळच्या आरतीला त्यांना बोलावलं होतं. ऑगस्टच्या उकाड्यात कोट घालून, हातात बाकलावा मिठाईची पेटी घेऊन ते दारात आले, समोर पाहिलं, पेटी जमिनीवर ठेवली आणि मग स्वतःही तिच्याशेजारी बसले.

"काका, पाणी आणू?" इलाने विचारलं.

त्यांनी मान हलवली. कुठल्या बाजूला ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पण तिने पाणी आणलं.

"ही खुर्ची," ते म्हणाले, "राजाची आहे."

"कुठल्या राजाची?" मी विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे."

मग आरती राहिली बाजूला, आणि जमिनीवर बसूनच त्यांनी आम्हाला आल्बेनियाचा राजा सांगितला. देश तुर्कांपासून सुटला तेव्हा युरोपातली बडी राज्यं एकत्र बसली. ठरलं, की या देशाला राजा हवा. देशात तीन धर्मांचे लोक, एकाचा राजा दुसऱ्याला चालेना, म्हणून चौथ्याच पंथाचा माणूस शोधला. जर्मन सैन्यातला एक उंच कॅप्टन, वीडचा प्रिन्स विल्हेल्म. त्याची आत्या रुमानियाची राणी होती, तिने शब्द टाकला. एकोणीसशे चौदाच्या मार्चमध्ये तो जहाजाने दुर्रेसच्या बंदरात उतरला आणि तीन सप्टेंबरला जहाजानेच निघून गेला.

"सहा महिन्यांत?" देवांगने विचारलं.

"जरा जाऊन येतो असं म्हणून गेला. राजीनामा दिला नाही."

"मग परत आलाच नाही?"

"अजून तरी नाही," आगिमभाऊ म्हणाले.

खुर्ची त्याच्यासाठी व्हिएन्नाहून मागवलेली होती, असं त्यांच्या घरात सांगतात. माथ्यावरचा पक्षी म्हणजे आल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड. ती बंदरात पोचली तेव्हा राजा नुकताच गेला होता. आगिमभाऊंचे आजोबा बंदरात कामाला होते. माल उतरवून घ्यायला कुणीच नव्हतं, म्हणून ते खुर्ची घरी घेऊन गेले आणि त्यांनी शब्द दिला, की राजा येईपर्यंत ही रिकामी राहील. पुढे देशाच्या अध्यक्षानेच स्वतःला राजा करून घेतलं, झोग त्याचं नाव. आजोबांनी त्याला खुर्चीबद्दल कळवलंच नाही.

"का?"

"त्याने मागवली नव्हती."

मग इटलीने देश घेतला. झोग दोन दिवसांचं बाळ आणि राणीला घेऊन निघून गेला, आणि इटलीच्या राजाने आल्बेनियाचा मुकुट रोममध्येच बसून डोक्यावर घेतला. त्यानंतर कम्युनिस्ट आले. खुर्ची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गवताखाली होती. "वडिलांनी तिच्यावर कोंबडीसुद्धा बसू दिली नाही," आगिमभाऊ म्हणाले. देशाची दारं उघडल्यावर ते वडिलांना आणि खुर्चीला घेऊन इथे आले, आणि वडील जाताना शब्द पुढच्या हातात देऊन गेले. खुर्ची आगिमच्या घरात राहील, रिकामी राहील, आणि ती सोडून आगिम घर सोडणार नाही.

मला तेव्हा मीरा आठवली. दर रविवारी ती फोन करते, बोलणं इंग्रजीतच आणि स्पीकरवर, बाबा इकडे या, तुमचे गुडघे, तो जिना, तो बर्फ. हे आम्हाला छतातून ऐकू येतं. आणि हे दर रविवारी म्हणतात, येईन, सध्या जमत नाही. मला वाटायचं, घरावरचा जीव. जीव घरावर नव्हता.

"तिथे खुर्ची नेता येणार नाही का?" मी विचारलं.

"मीरा फ्लॅटमध्ये राहते. खुर्ची ठेवली तर मुलं बसतील. मुलांना किती वर्षं नाही म्हणायचं?"

इलाने विचारलं, "पण काका, तुम्ही आम्हाला एवढंही सांगितलं नाहीत की ही एक सोडून?"

"मी 'हवी ती' म्हणालो. पाहुण्याला दिलेला शब्द. त्यात 'सोडून' नसतं."

मी हात जोडले. "आगिमभाऊ, मी तुम्हाला खरं सांगते. प्राणप्रतिष्ठा झाली आहे. आमचा गणपती पाच दिवसांचा. रविवारी उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती तसूभर हलवता येत नाही."

"हलवा म्हणणारही नाही मी. तसं म्हटलं तर तुम्हाला दिलेला शब्द मोडतो. नाही म्हटलं तर वडिलांना दिलेला मोडतो. बुधवार ते रविवार मी कुठलाही एकच शब्द पाळू शकतो."

"मग अडचण काय, रविवारी रिकामीच होईल," देवांग म्हणाला.

"शनिवारी तीन सप्टेंबर आहे."

दर तीन सप्टेंबरला राजनिष्ठांची मंडळी खुर्ची बघायला येतात. मंडळी म्हणजे दोन माणसं. पूर्वी बरीच होती, वयाने गेली. डेट्रॉइटहून लुआन, निवृत्त दंतवैद्य, तो जर्मन प्रिन्सच्या घराण्याच्या बाजूचा. मिलवॉकीहून द्रिता, तिचं शिवणकामाचं दुकान आहे, ती झोगच्या बाजूची. खुर्ची कुणाची यावर त्यांचं वर्षभर फोनवर भांडण चालतं. ती रिकामी आहे, एवढ्यावरच काय ते एकमत. चादर काढतात, बघतात, 'अजून रिकामी' असं तिघं एकेकदा म्हणतात, कॉफी पितात आणि जातात.

"आणि रिकामी नसली तर?"

आगिमभाऊंनी टेबलावरचा रिकामा पेला घेतला, हळूच खाली नेला आणि स्वतःच्या गुडघ्याखालून पलीकडे धरला. "शब्द मोडणाऱ्याला आमच्याकडे कॉफी अशी देतात," ते म्हणाले. "बोलत कुणी काहीच नाही. कॉफी गोड असते. फक्त गुडघ्याखालून येते. मग तो माणूस जिवंत असतो, पण कुणी त्याला मोजत नाही."

त्या रात्रीची आरती आम्ही हळू आवाजात म्हटली.

दोन दिवस घरात उपाय निघत होते. शाल टाकून खुर्ची झाकू, असं इला म्हणाली. देवावर शाल टाकून त्याला लपवायचं मला पटेना. देवांग म्हणाला, त्यांना सांगू की बेसमेंटमध्ये पाणी आलंय. आगिमभाऊंना खोटं बोलायचं नव्हतं, आणि माझ्या देवासमोर मलाही नको होतं. शुक्रवारी मी जिन्यात त्यांना म्हटलं, "उद्या मंडळींना आधी आमच्याकडे जेवायला आणा. उपाशी माणसाशी असलं बोलू नये."

शनिवारी दुपारी ते दोघांना घेऊन सरळ आमच्या दारात आले. लुआन उंच, टाय लावलेला, डोळ्यांत पाणी तयार असलेला. द्रिता बुटकी, पर्स पोटाशी धरलेली. आगिमभाऊंनी दार पूर्ण उघडलं आणि स्वतः बाजूला झाले, लपवल्याचं कुणी म्हणू नये म्हणून. दोघं गणपतीकडे बघत राहिले. गणपती त्यांच्याकडे बघत होता. माथ्यावर दोन डोक्यांचा गरुड, खाली सोंड, आजूबाजूला देवांगने लावलेली लुकलुकती माळ.

"अजून..." लुआनने सवयीने सुरुवात केली आणि थांबला.

"आधी जेवून घ्या," मी म्हणाले.

पानं वाढली. वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मोदक. इला वाढणार आणि मी शेवटी बसणार, असं ठरलं होतं. पण द्रिताने हात मांडीवरच ठेवले. यजमानीण घास घेत नाही तोवर आमच्याकडे पाहुणा घेत नाही, म्हणाली. मी इलाकडे पाहिलं, इलाने माझ्याकडे. नाइलाजाने बसले, देवाचं नाव घेतलं, पहिला घास तोंडात घातला. माझं तोंड त्या क्षणापासून बंद. आणि नेमकी तेव्हाच सभा सुरू झाली.

"हे कोण आहेत?" लुआनने विचारलं.

"गणेश," इला म्हणाली. "कुठल्याही कामाच्या सुरुवातीला यांना बोलावतात."

"घराणं?"

"शंकर-पार्वतीचे चिरंजीव."

"चांगलं घराणं आहे," द्रिता म्हणाली. "परदेशी?"

"तुमच्या हिशेबाने हो."

"मुसलमान नाहीत?"

"नाही."

"कॅथलिक? ऑर्थोडॉक्स?"

"नाही, नाही."

लुआनने चमचा खाली ठेवला. "एकोणीसशे चौदाला नेमक्या याच कारणाने निवड झाली होती," तो म्हणाला.

मला ठसका लागायचा बाकी होता. मी इलाला डोळ्यांनी खुणावलं, हे थांबव. तिला वाटलं वरण हवंय. तिने वरण वाढलं.

"सैन्य?"

"एक उंदीर आहे," देवांग म्हणाला. तो गमतीत म्हणाला. समोर कुणीच गमतीत नव्हतं.

"प्रिन्सकडे सैन्य नव्हतंच," लुआन द्रिताला म्हणाला. "थोडे डच अधिकारी होते."

"झोगकडे होतं."

"आणि काय उपयोग झाला?"

"हे किती दिवस राहणार आहेत?" द्रिताने विषय वळवला.

"पाच दिवस. उद्या संध्याकाळी जातील."

"तो सर्कसवाला पाच दिवसच राजा होता ना?"

"ती थाप होती," लुआन म्हणाला. आम्हाला त्याने समजावलं, की एक जर्मन सर्कसवाला आयुष्यभर सांगत फिरायचा, मी पाच दिवस आल्बेनियाचा राजा होतो म्हणून. इतिहासकार त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

"थाप असेल, पण दिवस पाचच."

"आणि गादी एकदा एका इंग्रज क्रिकेटपटूला देऊ केली होती म्हणतात," आगिमभाऊ पहिल्यांदा बोलले. आवाज बारीक होता. "निदान तो तसं सांगायचा. तुमच्या रणजितसिंहांचा मित्र. जिनीव्हाला राष्ट्रसंघाच्या बैठकीला त्यांच्याबरोबर गेला होता."

"आपले रणजी?" देवांगचा मोदक हातातच राहिला. "रणजी ट्रॉफीवाले? मग आल्बेनियाचा राजा का नाही केलं त्याला?"

"राजाचं उत्पन्न स्वतःचं हवं होतं. त्याच्याकडे नव्हतं."

लुआन सावकाश वळला आणि माझ्याकडे पाहू लागला. "मॅडम," तो म्हणाला, "हे तुमचे पाहुणे आहेत. त्यांच्या वतीने तुम्हीच सांगू शकता. हे आल्बेनियाची गादी स्वीकारतात का?"

माझ्या तोंडात भात होता आणि चाळीस वर्षांचा नेम होता. मी मान जोरात हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नाही, नाही, अहो नाही.

द्रिताच्या हातातली पर्स खाली पडली. लुआन उभा राहिला आणि त्याने छातीवर हात ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आगिमभाऊंकडे पाहिलं. दोन्हीकडच्या माना कळणारं आणि त्या दोघांना त्यांच्या भाषेत सांगता येणारं माणूस खोलीत ते एकटेच. मी भुवयांनी, डोळ्यांनी, डाव्या हाताने त्यांना विनवलं, की सांगा त्यांना, मी काय म्हणते ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांची मान हळूच वर गेली आणि खाली आली. त्यांच्या गावचं नाही. सांगणार नाही.

मी त्यांना दोष देत नाही. गुडघ्याखालची कॉफी त्यांच्यासमोर होती.

पानावरून उठता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. इलाने मघाशी वाढलेलं वरण तसंच होतं. मी आयुष्यात इतक्या घाईने जेवले नाही. आचवून, तोंड पुसून बाहेर आले तोवर तिघं गणपतीसमोर ओळीत उभे होते आणि लुआन रडत होता. एकशे आठ वर्षं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. द्रिताने स्वयंपाकघरात जाऊन आमच्याच पातेल्यात कॉफी चढवली होती.

गप्प राहिले असते तर सगळं गोडच होतं. पण जेवतानाचं मौन वेगळं आणि हे वेगळं.

"लुआनभाऊ, माझी मान नाही म्हणत होती," मी म्हणाले. "आमच्याकडे अशी हलवली म्हणजे नाही. देवाला आपण बोलावतो, बसवतो, खाऊ घालतो. त्याला नोकरीवर ठेवत नाही."

खोलीत फक्त माळ लुकलुकत होती. द्रिता कॉफीचे कप घेऊन आली. तिने आगिमभाऊंकडे पाहिलं आणि एक कप लुआनच्या हातात दिला. लुआन गुडघ्यात वाकू लागला. त्या वयात वाकायला त्याला वेळ लागत होता, आणि मला तेवढाच वेळ होता.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान. पण ते थांबले. "ही मूर्ती माती आहे, हे आम्हालाही माहीत आहे. बुधवारी सकाळी मंत्र म्हणून त्याला हिच्यात बोलावलं, तेव्हा देव झाला. उद्या उत्तरपूजा करू. म्हणजे त्याला सांगू, सेवा जशी झाली तशी गोड मानून घ्या, आता आपल्या जागी जा, पुन्हा या. की परत माती. मग मूर्ती हलवली तरी चालते. हे केल्याशिवाय हलवली तर पाप."

"आमच्या खुर्चीचं काय?" द्रिता म्हणाली.

"तेच सांगते. तुम्हीही एका राजाला बोलावलंत. त्याच्यासाठी आसन मांडलंत. तो गेला, पण जा असं त्याला कुणी म्हटलंच नाही. त्याने राजीनामा दिला नाही म्हणता ना? मग तो सुटलेला नाही, आणि खुर्चीही सुटलेली नाही, आणि हे..." मी आगिमभाऊंकडे बोट दाखवलं. "हे एका माणसाची उत्तरपूजा राहिली म्हणून जिन्यावरून गुडघे घासतायत."

लुआन अर्धा वाकलेलाच होता. कप गुडघ्याच्या जरा वर होता.

"प्रिन्सने औपचारिक पदत्याग केलेला नाही, हे खरं आहे," तो म्हणाला.

"झोगनेही केला नाही," द्रिता लगेच म्हणाली.

"त्याचीही करू," मी म्हणाले. "अक्षता पुष्कळ आहेत."

ते दोघं त्यांच्या भाषेत खूप वेळ बोलले. शेवटी लुआनने कप खाली नेला नाही, वरही आणला नाही. मधल्या टेबलावर ठेवून दिला. कॉफी तिथेच गार झाली. रात्री दोघं वर आगिमभाऊंकडे राहिले, आणि छतातून भांडण ऐकू येत होतं.

रविवारी संध्याकाळी देवांगने उत्तरपूजा केली. मग मी अक्षता घेऊन खुर्चीच्या हातांवर, पाठीवर, दोन्ही डोक्यांवर टाकल्या आणि मराठीतच म्हणाले, की या आसनावर ज्यांना ज्यांना बोलावलं, जे आले, जे वाटेतून परतले, ज्यांना कळवलंच नाही, त्या सगळ्यांनी आता स्वस्थ चित्ताने आपापल्या स्थानी जावं. काही उणं राहिलं असेल तर क्षमा करावी. इला वाक्यावाक्याला इंग्रजी करत होती.

"'पुन्हा या' हे कुणाला म्हणणार?" लुआनने मध्येच विचारलं. "प्रिन्सच्या घराण्याला म्हणा."

"झोगच्या," द्रिता म्हणाली.

"'पुन्हा या' सगळ्यांनाच म्हणतात," मी म्हणाले. "यायचं की नाही ते त्यांच्याकडे."

दोघांचं समाधान झालं. वर्षभर भांडायला विषय शिल्लक राहिला होता.

मूर्ती जागची हलवली. चोवीस इंचांचा गणपती आमच्या बादलीत मावणारा नव्हता. आगिमभाऊंनी बेसमेंटमधून दुकानातला पिठाचा टब काढला, एकेकाळी शंभर पिझ्झ्यांची कणीक त्यात फुगायची. मागच्या अंगणात पाणी भरून त्यात विसर्जन केलं. लुआनने टाय सैल केला आणि बंदरावर उभं राहिल्यासारखा पाण्याकडे बघत राहिला. जहाज दिसेनासं होईपर्यंत उभं राहतात तसा. देवांग मोठ्याने 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणाला आणि इलाने पुस्ती जोडली, "आणि लहान होऊन या."

आत आलो तर खुर्ची तिथेच होती. अक्षता आणि एक वाळलेली दूर्वा सोडली तर रिकामी. सगळे तिच्याभोवती उभे. द्रिताने पुन्हा कॉफी केली होती, आणि या वेळी तिने कप लुआनच्या हातात देताना काही सुचवलं नाही.

"आता ती नुसती खुर्ची आहे, आगिमभाऊ," मी म्हणाले. "बसा."

"माझे वडील..."

"तुमच्या वडिलांनी राजा येईपर्यंत सांभाळ म्हटलं होतं. राजाला आपण निरोप दिला. निरोप दिलेल्याची वाट कशी बघणार?"

त्यांनी खुर्चीच्या सोनेरी हातावर आपला हात ठेवला. पुसल्यासारखा फिरवला. मग पाठमोरे झाले आणि गुडघे धरून, एकेक इंच उतरत, शेवटी बसले. आतली स्प्रिंग करकरली.

जरा इकडे सरकून पाहिलं, जरा तिकडे.

"टोचते," आगिमभाऊ म्हणाले.

लुआन पुढे आला. सरळ उभा राहून, उजव्या हाताने, छातीच्या उंचीवर कप धरून त्याने त्यांना कॉफी दिली. आगिमभाऊंनी दोन्ही हातांनी घेतली. एक घोट घेतला आणि त्यांचा फोन वाजला. रविवार होता. कप सांभाळत त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून मीराचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, बाबा, इतका वेळ फोन का नाही उचलला, काय करताय?

"बसलोय," ते म्हणाले. मग आणखी एक घोट घेऊन विचारलं, "तुझ्याकडे बर्फ पडत नाही ना, मीरा?"